प्रार्थनेतले ‘आम्ही’ आणि ‘आपण’



हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीच्या चकल्यांचा डबा तळाला गेलेला असेल आणि ऑर्चर्ड रोडवर नाताळची रोषणाई लागलेली असेल. दरवर्षी या दिवसांत मंडळातलं कोणी ना कोणी मला गाठून विचारतं, “तुमच्याकडे नाताळला नेमकं काय करतात हो? भटजी कोण असतो?” या सदरात आजवर पंप, पाइपलाइनी आणि घरातले गळके नळ असे विषय झाले. या वेळी संपादकांनी हाच प्रश्न माझ्या गळ्यात बांधला. त्यातही प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग मला जास्त आवडला, कारण गेली काही वर्षं मी नेमकं तेच शिकतो आहे. उपासना आखायची कशी आणि चालवायची कशी, हे!

आधी थोडी ओळख. आमचं घर नगरचं (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण आमच्या तोंडी नगरच). मराठी ख्रिस्ती म्हटलं की बहुतेकांना रेव्हरंड टिळकांची ‘वनवासी फूल’ आणि लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आठवतात, त्यामुळे माझं काम निम्मं होतं. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले आणि नगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये आले. त्या मिशनची मंडळी अँग्लिकन नव्हेत, त्यांची पद्धत साधी. अँग्लिकन म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले. पण २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा चर्चसंस्था एकत्र आल्या आणि ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झालं. त्यात आमच्यासारखेही आले आणि अँग्लिकनही आले. आमच्यासाठी याचा परिणाम एवढाच, की सिंगापुरात आल्यावर रविवारी जायचं कुठे या प्रश्नाला अँग्लिकन चर्च हे सरळ उत्तर मिळालं.

सिटी हॉल स्टेशनबाहेरचं पांढरंशुभ्र सेंट अँड्र्यूज कॅथीड्रल तुम्ही सगळ्यांनी बाहेरून पाहिलं असेलच. कॅप्टन मॅकफर्सन यांचा आराखडा, १८५६ साली पायाभरणी, १८६२ च्या जानेवारीत समर्पण. आणि समर्पण कोणी केलं? कलकत्त्याच्या बिशपांनी, कारण तेव्हा सिंगापूर त्यांच्याच हद्दीत होतं. बांधलं कोणी? हिंदुस्थानातून इथे काळ्या पाण्यावर पाठवलेल्या कैद्यांनी. या वसाहतीत मुंबई इलाख्यातून आलेले कैदीही असत. आतल्या गिलाव्याची कृती तर मला तोंडपाठ आहे: शिंपल्यांचा चुना, अंड्याचा पांढरा बलक, जाडी साखर, नारळाच्या सोडणांचं पाणी, आणि वाळल्यावर दगडाने घोटाई. हे मिश्रण आपल्या आजीने सांगितलेल्या पाककृतीसारखं वाटतं, पण भिंत अजून गुळगुळीत आहे.

आता मूळ मुद्दा. अँग्लिकन उपासना चालवायची म्हणजे पुस्तक हातात घ्यावं लागतं. हे पुस्तक पहिल्यांदा १५४९ साली निघालं, आर्चबिशप क्रॅन्मर यांच्या देखरेखीखाली. आज इंग्लंडमध्ये अधिकृत मानलं जातं ते त्याचं १६६२ चं रूप. त्याआधी उपासना लॅटिनमध्ये होई, पुस्तकं अनेक, आणि कोणत्या दिवशी काय वाचायचं याचे नियम इतके किचकट की वाचण्यापेक्षा पान शोधण्यातच जास्त वेळ जाई. ही तक्रार खुद्द त्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत आहे. म्हणून सगळं एका पुस्तकात आणलं, लोकांच्या भाषेत आणलं आणि लोकांच्या तोंडी उत्तरं दिली. मला इथे पंढरपूरच्या काशिनाथशास्त्री उपाध्यायांची आठवण होते. त्यांनी १७९० च्या सुमारास ‘धर्मसिंधु’ रचला तो अशाच अडचणीपोटी. आधीचे निर्णयग्रंथ सामान्य माणसाला पेलत नव्हते. अर्थात त्यांनी भाषा संस्कृतच ठेवली, फक्त सोपी केली. क्रॅन्मर एक पाऊल पुढे गेले.

पुस्तकात पंचांगही आहे बरं का! ईस्टर कधी? २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा, आणि तिच्यानंतरचा पहिला रविवार. पौर्णिमाच रविवारी आली तर पुढचा रविवार. ही पौर्णिमा आकाशात बघायची नाही, कोष्टकातून काढायची. म्हणून ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या दरम्यान कुठेही पडतो आणि त्याच्या आगेमागे निम्मं वर्ष सरकतं. सरकल्यामुळे कमी-जास्त होणारे रविवार कुठे तरी जिरवावे लागतात. आपण अधिक महिना घालून चंद्र-सूर्याचा हिशेब जुळवतो, तसं ते साध्या, हिरव्या रंगाच्या रविवारांची संख्या वाढवून किंवा कमी करून जुळवतात. हिरवा म्हणजे वेदीवरच्या वस्त्राचा रंग. उपवासाच्या काळात जांभळा, सणाला पांढरा, पेंटेकॉस्टला लाल. दाते पंचांग बघण्याची सवय असलेल्या घरात हे समजायला पाच मिनिटं लागतात. आमच्या वर्गातल्या इतरांना जास्त लागली.

वर्ग म्हणजे आमच्या पॅरिशमध्ये, पाळक नसलेल्या सामान्य सभासदांना उपासना चालवायला शिकवण्यासाठी भरणारा. आम्ही आठ जण: एक शाळेतल्या बाई, दोन बँकवाले, एक नर्स, आणि असेच बाकीचे. मी इंग्लंडमध्ये एम.एस्सी. करत असताना डरहॅमच्या कॅथीड्रलमध्ये संध्याकाळच्या प्रार्थनेला जाऊन बसायचो. प्रवचन नाही, वर्गणी नाही. हिवाळ्यातला अंधार, पंधरा-वीस माणसं, आणि गायकवृंद त्या दिवसाचं स्तोत्र गातोय. जुन्या पुस्तकात दीडशे स्तोत्रं तीस दिवसांवर वाटून दिली आहेत. सकाळी काही, संध्याकाळी काही, महिन्यात पारायण पुरं, की पुन्हा पहिल्यापासून. गुरुचरित्राच्या सप्ताहासारखंच, फक्त कायम चालू. तेव्हा वाटायचं, हे आपोआप चालतं. वर्गात बसल्यावर कळलं की आपोआप काहीच चालत नाही. कोणी तरी आठवडाभर आधी कागद घेऊन बसलेलं असतं.

तो कागद कसा करायचा हेच शिक्षण. आधी त्या रविवारचे शास्त्रपाठ वाचायचे. ते आपण निवडायचे नसतात, तीन वर्षांच्या चक्रात ठरलेले असतात. (हे मला फार आवडतं. आपल्याला आवडणारेच अध्याय वाचायची सोय ठेवलेली नाही.) मग गीतं. सुरुवातीचं गीत सगळ्यांना येणारंच हवं, नवीन चाल शिकवायची असेल तर ती मधे. मग मध्यस्थीच्या प्रार्थना: चर्चसाठी, जगासाठी, आपल्या वस्तीसाठी, आजाऱ्यांसाठी. इथे आमच्या शिक्षिका फार कडक. देवाला बातम्या सांगू नका, त्याने पेपर वाचलेला असतो. आजारी माणसाचं नाव घ्या, त्याचा रिपोर्ट वाचू नका. प्रार्थनेच्या नावाखाली प्रवचन देऊ नका. आणि शास्त्रपाठ संपला की गप्प बसा. किती? सहा श्वास मोजा. कारखान्यातलं यंत्र सुरू करताना आमच्याकडे ‘होल्ड पॉइंट’ असतो. तिथे थांबल्याशिवाय पुढची पायरी घ्यायची नाही. उपासनेतली शांतता तशी कागदावर लिहायची असते, नाही तर घाईत ती पहिली उडते.

प्रत्येक दिवसाची एक छोटी प्रार्थना असते, तिला कलेक्ट म्हणतात. तिची बांधणी बघून मला शाळेतलं अर्जलेखन आठवलं: आधी मायना, मग ज्याला अर्ज करतो त्याच्याबद्दल एक ओळ, मग मागणं, ते कशासाठी हवं, आणि शेवटी कोणाच्या नावाने. पाच भाग, एकच वाक्य. क्रॅन्मरने यातल्या बऱ्याच लॅटिनमधून आणल्या. एकदा बांधणी कळली की आपल्यालाही प्रसंगाची प्रार्थना लिहिता येते, आणि मुख्य म्हणजे वेळेत थांबता येतं.

पाळक नसलेल्या माणसाला काय करता येत नाही, हेही शिकवतात. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस अर्पून प्रार्थना करणं हे दीक्षित पाळकाचंच काम. पापांगीकारानंतर पाळक लोकांकडे वळून क्षमा जाहीर करतो, तेव्हा ती ‘तुम्हांला’ असते. आमच्यासारख्याने चालवली तर त्या जागी क्षमा मागायची, आणि ती ‘आम्हांला’. आशीर्वादाचंही तसंच. एका सर्वनामात सगळा अधिकार! पाळकाच्या जागी उभं राहता येतं, पण माणूस रांगेतलाच राहतो. मला ही मर्यादा अपमानाची वाटली नाही, उलट निश्चिंत वाटलं.

आणि इथेच मराठीने गाठलं. आम्ही इथली पाच-सहा मराठी ख्रिस्ती घरं महिन्यातून एकदा कोणाच्या तरी फ्लॅटमध्ये जमतो. पूर्वी गाणी म्हणायची, कोणी तरी सुचेल तशी प्रार्थना करायची, आणि पुरीभाजी. मी वर्ग केला म्हटल्यावर सगळ्यांनी ठरवलं की मराठीतली संध्याकाळची उपासना याने आखावी. व्हिकारसाहेबांनी (ते चिनी, मराठीतला एक शब्द कळत नाही) अट घातली: छापील, मान्य मराठी पुस्तक वापरा, स्वतः भाषांतर करत बसू नका. गावाहून पुस्तकं मागवली. बसून कागद केला, आणि लक्षात आलं की इंग्रजीत जिथे एकच ‘वुई’ आहे तिथे मराठीत दर ओळीला निर्णय आहे. देवाशी बोलतोय? मग ‘आम्ही’, कारण पाप आमचं आहे, त्याचं नाही. एकमेकांशी बोलतोय? मग ‘आपण’: आपण उभे राहू या, आपण प्रार्थना करू या. इंग्रजीत चालवणारा माणूस तोंड कोणीकडे करतो त्यावरून हे कळतं, मराठीत शब्दातच कळतं. इथे वाढलेली आमची मुलं नेमकी इथे अडखळतात. “आम्ही खेळू या?” असं विचारतात, आणि देवाला “आपण चुकलो” सांगतात. म्हणजे त्यालाही गुन्ह्यात सामील करून घेतात! त्यातून ‘आपण’ आदरार्थीही आहे. देवाला ‘आपण क्षमा करावी’ म्हटलं की तो तहसीलदार होतो. त्याला ‘तू’च हवं, तुकोबांनी म्हटलं तसं. सरतेशेवटी म्हणायच्या कृपेच्या वचनात ‘आम्हां’ की ‘आपणां’ यावर आमच्याकडे एका रविवारी अर्धा तास वाद झाला. पुऱ्या गार झाल्या. निकाल ‘आपणां’च्या बाजूने लागला, कारण ते वचन आपण एकमेकांना म्हणतो. मुलं तो वाद ऐकत बसली होती, आणि माझ्या मते मराठीचा तेवढा चांगला तास त्यांना कुठल्याच शाळेत मिळाला नसता.

ही खटपट करणारे आम्ही पहिले नव्हेत. एकोणिसाव्या शतकातच नगरकडे ख्रिस्ती कीर्तन उभं राहिलं. टिळकांनी अभंग आणि पदं लिहून मंडळीला गायला दिली, ती १९१९ साली त्यांचं निधन झाल्यावरही रविवारी म्हटली जातात. आणि जॅक विन्स्लो नावाचे एक अँग्लिकन पाळक नगर भागात येऊन राहिले. त्यांनी १९२० साली एक पुस्तक सहकाऱ्यांबरोबर काढून भारतीय मंडळीसाठी वेगळी उपासना हवी असा आग्रह धरला. नुसती इंग्रजी उपासना मराठीत उतरवून भागणार नाही, हा त्यांचा मुद्दा. त्यांनी केरळच्या सीरियन ख्रिस्ती परंपरेकडून बरंच घेतलं, आणि मुंबईचे बिशप पामर यांचा त्याला पाठिंबा मिळाला. विन्स्लोंनी १९२२ साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ काढला, तो पुढे पुण्याला गेला. व्हेरियर एल्विन आधी तिथेच आले होते. टिळकांचं इंग्रजी चरित्रही विन्स्लोंनीच लिहिलं, १९२३ मध्ये. माझं मत विचाराल तर त्यांची नवी उपासना टिकली त्यापेक्षा टिळकांची पदं कितीतरी जास्त टिकली. पुस्तकातली उपासना कितीही विचार करून बांधली तरी लोकांच्या तोंडी बसायला चाल लागते.

तोंडी बसण्याचा अर्थ मला एका आजारपणात कळला. आमच्यातल्या एकांचे वडील, आम्ही सगळे त्यांना काका म्हणत असू, नगरहून मुलाकडे आले होते. जन्मभर इंग्रजी शिकवलेला माणूस. इथे त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि इंग्रजी गेलं. मराठी राहिलं, तेही थोडं. व्हिकारसाहेब हॉस्पिटलात नेमाने येत, प्रेमाने इंग्रजीत प्रार्थना करत. काका छताकडे बघत. एक दिवस त्यांनीच मला म्हटलं, आता तू चालव, मी बाजूला उभा राहतो. मी नवीन, सोप्या भाषांतरातून स्तोत्र वाचलं. काका शांत होते. मग प्रभूची प्रार्थना सुरू केली. काकूंनी आणि मुलाने ती नव्या भाषेत म्हटली. काकांचे ओठ हलले, आणि एका शब्दाशी ते थांबले. त्यांना जुन्या पुस्तकातला शब्द हवा होता. तो त्यांनी मोठ्या कष्टाने उच्चारला, आणि आमच्याकडे बघत राहिले. आम्ही सगळ्यांनी पुन्हा पहिल्यापासून, जुन्या शब्दांत म्हटली.

त्या दिवसापासून माझ्या कागदावर एक नियम पक्का आहे. जे पाठ आहे ते जुन्या भाषेत, जे वाचायचं ते नव्या. पाठ असलेल्याला हात लावायचा नाही.

काका गेले तेव्हा मंडाईच्या स्मशानभूमीत हॉल ठरावीक वेळापुरताच मिळाला. आपल्याकडे ‘जरा थांबा, नाशिकची माणसं यायचीत’ म्हणता येतं, तसं इथे चालत नाही. पुढचं कुटुंब दाराशी उभं असतं. मी मिनिटं लिहून कागद केला. व्हिकारसाहेबांनी त्यांचा भाग इंग्रजीत, मी शास्त्रपाठ आणि प्रार्थना मराठीत, मधे एक टिळकांचं पद. मंडळातली बरीच मंडळी आली होती, तुमच्यापैकी काही असतीलही. त्यांना शब्द माहीत नव्हते, पण चाल अभंगाची. दुसऱ्या कडव्यापासून मागून आवाज आला. मी ते कागदावर धरलेलं नव्हतं, त्यामुळे दीड मिनिट जास्त गेलं. कोणी काही म्हटलं नाही.

आमच्यात सगळ्यांना हे पटतं असं नाही. एका घराचं म्हणणं स्पष्ट आहे: मुलांना इंग्रजीतलं कळतं, प्रवचन चांगलं असतं, मग महिन्यातून एकदा अडखळत मराठी कशाला? देवाला काय भाषेचं पडलंय? देवाला नसेल पडलं. पण ती उपासना काकांना लागली, आणि उद्या माझं इंग्रजी गेलं तर मलाही लागेल. तेव्हा माझ्या उशाशी ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यातला फरक कळणारं कोणी असावं, एवढा माझा स्वार्थ आहे. दुसऱ्या पक्षालाही आम्ही उडवून लावलेलं नाही. आता पहिला पाठ इंग्रजीत असतो, दुसरा मराठीत. स्तोत्र एक ओळ मोठ्यांनी, एक ओळ मुलांनी. माझी तेरा वर्षांची मुलगी देवनागरी बोट ठेवून वाचते, पण वाचते. गेल्या महिन्यात मध्यस्थीच्या प्रार्थना तिने आखल्या. त्यात मांजरांसाठी एक कलम होतं. पुस्तकाच्या विरुद्ध काही नव्हतं, म्हणून ठेवलं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर: भटजी आळीपाळीने असतो. गणपतीच्या पूजेची कॅसेट लावून ‘थांबा, थांबा, पुन्हा मागे घ्या’ करणाऱ्या घरांना हे नवीन वाटू नये.

नाताळच्या आदल्या रविवारी संध्याकाळी आमची मराठी उपासना आहे. कागद तयार आहे: चार पाठ, पाच गीतं, एक पद झांजांवर, शांतता तीन ठिकाणी, एकूण पन्नास मिनिटं. शेजाऱ्यांना सांगून झालंय. अडचण एकच. आमचे पेटी वाजवणारे डिसेंबरात पुण्याला चाललेत. मंडळात कोणी वाजवणारं असेल तर कळवा. शब्द यायलाच हवेत असं नाही, चाली तुमच्या ओळखीच्या आहेत. पेटी आमची आहे, पट्टी काळी दोन, आणि पुरीभाजी नंतर.